आडवी घातलेली कयाक

शिखा मालवणला जाऊन समुद्रात कयाक नावाची चिंचोळी होडी वल्हवणार, हे सुधाआत्याला कळलं तेव्हा ती पोहे परतत होती. तिनं गॅस बंद केला आणि थेट दिनकररावांपुढे येऊन उभी राहिली.

"दादा, तुमची पोरगी वेडी झाली आहे. तिला धड जिना उतरता येत नाही आणि ती समुद्रात जाते?"

"जिना उतरायला थोडीच चाललेय आत्या," शिखा आतून म्हणाली. "वल्हवायला चाललेय. त्याला हात लागतात, आणि ते दोन्ही सलामत आहेत."

कॉलेजात असताना ग्वाल्हेरच्या दाल बाजाराच्या वळणावर पोत्यांनी भरलेला टेम्पो तिच्या स्कूटीवर उलटला होता. उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. लष्कर भागातली निम्मी मराठी मंडळी घरी येऊन हळहळून गेली. कोणी म्हणालं देवाची मर्जी, कोणी म्हणालं आता घरबसल्या काहीतरी शीक. ती शिकली खरी, पण तिघरा धरणाच्या पाण्यावर. तिथल्या कयाक शिकवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी तिला मुद्दाम पाण्यात उलटवलं, आणि अपघातानंतर पहिल्यांदा कोणीतरी आपल्याला जपलं नाही म्हणून ती खूश झाली. मालवणच्या सागरी अभयारण्याबद्दल तिनं त्याच्याच तोंडून ऐकलं. यंत्राच्या बोटीला बिचकणारे डॉल्फिन कयाकच्या जवळून जातात म्हणे. ते तिच्या डोक्यातून जाईना.

दिनकरराव भांडणात कधी पडत नसत. "मी सोबत येतो," एवढंच ते म्हणाले.

मालवणच्या किनाऱ्यावर दाजी केळूसकर लोकांना कयाकमधून अभयारण्यात नेत असे. पन्नाशीचा, उन्हानं काळवंडलेला माणूस. शिखाची नावनोंदणी त्यानं फोनवर आनंदानं घेतली होती. वाळूत तिची चाल पाहिली, जयपूरचा नकली पाय पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

"बाय, ह्यो दर्यो आसा, तळा न्हय. जमाचा नाय." मग तिला कळावं म्हणून त्यानं सरळ मराठीत सांगितलं, "उलटलीस तर परत वर चढशील कशी? मला जबाबदारी नको."

"चला पापा, परत जाऊ," असं ती म्हणेल, असं दिनकररावांना क्षणभर वाटलं असावं, कारण त्यांनी पिशवी उचलली. शिखानं मात्र वाळूत बसकण मारली, पाय सोडवून वडिलांच्या हातात दिला आणि ती खुरडत पाण्याकडे निघाली.

"कशी चढते ते बघा तरी. मग नाही म्हणा."

लाइफ जॅकेट चढवून ती छातीभर पाण्यापर्यंत वल्हवत गेली आणि तिनं कयाक स्वतःहून उलटी केली. तिघऱ्याचं पाणी गप्प असायचं. हे पाणी ढकलत होतं. डोळ्यांत, नाकात खारं पाणी गेलं. कयाक सुलटी करून ती पोटावर चढते न चढते तोच लाटेनं तिला पलीकडे फेकून दिलं. दिनकरराव पँट भिजवत गुडघाभर पाण्यात आले.

"पापा, तिथेच थांबा!" ती ओरडली. "एकदम तिथेच!"

ते थांबले. तिनं लाट जाऊ दिली, डाव्या पायानं पाणी झोडपलं, पोटावर आडवी पडली, वळली आणि बसली. ठसका लागला होता, वल्हं मात्र हातात होतं.

दाजीनं स्वतःची कयाक पाण्यात लोटली. "माझ्या बाजूनं चल. पुढे जायचं नाही."

समुद्रातल्या किल्ल्याला वळसा घालून ते मोकळ्या पाण्यात गेले आणि दाजीनं वल्हं थांबवायची खूण केली. बराच वेळ नुसतं पाणी. मग फुस्स असा श्वास ऐकू आला आणि करडी पाठ वर येऊन गेली. पाठोपाठ दुसरी, आणि तिच्या कुशीला चिकटून एक छोटी. श्वासाचा आवाज इतका माणसासारखा असेल असं शिखाला वाटलं नव्हतं.

तेवढ्यात यंत्राचा धडधडाट आला. पर्यटकांनी भरलेली एक बोट वेग कमी न करता सरळ त्या पाठींच्या दिशेनं निघाली होती. लोक मोबाइल उंचावून आरडाओरडा करत होते. दाजीनं हात हलवून शिव्या दिल्या. बोटवाल्यानं लक्षच दिलं नाही.

शिखानं चार जोरदार हात मारले आणि कयाक बोटीच्या वाटेत आडवी घातली.

"मागे ये!" दाजी किंचाळला.

ती हलली नाही. वल्हं डोक्यावर आडवं धरून ती खणखणीत ग्वाल्हेरी हिंदीत ओरडली, "इंजन बंद करो! बच्चा है नीचे!"

बोट कशीबशी वळली आणि थांबली. तिच्या लाटेनं कयाक हेलकावली.

"मरायचं आहे काय गे?" बोटवाला भडकला.

"नाही. कोणी मरू नये म्हणून तर बसलेय इथे. अभयारण्य आहे हे. बंद करा आधी."

बोटीतल्या एका बाईनं पोराचा मोबाइल खाली केला. यंत्र बंद झालं. सगळे वाट पाहत राहिले. डॉल्फिन जवळ आले नाहीत. फार दूर, क्षितिजाच्या बाजूला, तीन पाठी एकदा दिसल्या, तिसरी छोटी. शिखाला तेवढं पुरलं.

परतताना दाजी तिच्यावर खूप रागावला. असं कोणी आडवं जातं का, बोट वळली नसती तर काय, असं बरंच बोलला. ती ऐकत राहिली, चूक झाली असं मात्र तिनं म्हटलं नाही. रागावून झाल्यावर त्यानं विचारलं, हिंदी बोलणारे पर्यटक फार येतात, त्यांना दरडावून सांगणारं कोणी माझ्याकडे नाही, पुढच्या हंगामाला येशील का?

ग्वाल्हेरला, खासगी बाजारातल्या घरी यावरून पुन्हा रण माजलं. "तिथं तुझं कोण आहे?" सुधाआत्या रडवेली होऊन म्हणाली.

"आत्ता कोणी नाही. होईल ना," शिखा म्हणाली.

दिवाळी झाल्यावर दिनकरराव तिला स्टेशनवर सोडायला गेले. तिची बॅग घ्यायला त्यांनी हात पुढे केला, तिनं ती दिली नाही. ते हसले, आणि ती डब्यात चढेपर्यंत हात मागे बांधून उभे राहिले.