कॉइलला लावू नये

मित्रांनो, मी एक जुना तारेचा ब्रश आहे आणि आधीच कबूल केलेलं बरं, मी मत्सरी आहे. माझ्या वयाला हे शोभत नाही, पण खोटं कशाला बोलू? माझ्या लाकडी मुठीवर लाल रंगात तीन शब्द लिहिलेले आहेत: ‘कॉइलला लावू नये’. हे शब्द माझ्या कपाळी कसे आले, तेच आज सांगतो.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. लाकडाला ओळीने भोकं पाडून त्यांत पोलादी तारांचे झुबके ठोकून बसवले गेले. ते काम करणाऱ्या बाईने मला एका गंजक्या पत्र्यावर घासून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, “हा कुणाच्या बापाचं ऐकणार नाही!” ती माझी पहिली शाबासकी. मी ती अजून जपून ठेवली आहे.

दुकानातून मला मामांनी घेतलं. ते खरे मामा एका भाचीचेच, पण सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. घरं गरम ठेवणारे बॉयलर साफ करणं हा त्यांचा व्यवसाय. तेव्हाचे बॉयलर म्हणजे बिडाचे धिप्पाड गडी. त्यांच्या पोटात बोटभर काजळी साचायची. मामा बाह्या सरसावून मला आत घालायचे आणि मी असा काही सुटायचो की तासाभरात बीड उघडं पडायचं. बाहेर आल्यावर मामा माझी मूठ पुसत घरमालकाला सांगायचे, “हा आहे म्हणून मी आहे.” वीस वर्षं मी त्यांच्या पिशवीच्या सगळ्यांत वरच्या कप्प्यात राहिलो.

मग नवे बॉयलर आले. भिंतीवर टांगलेले, छोट्या कपाटाएवढे आणि भारी चिकट स्वभावाचे. धुराबरोबर जाणारी उष्णतासुद्धा ते सोडत नाहीत. धुरातल्या वाफेचं पाणी होईपर्यंत तिची ऊब काढून घेतात. हे सगळं घडतं स्टेनलेस स्टीलच्या एका पातळ, गुंडाळलेल्या नळीवर. तिला म्हणायचं कॉइल. तिच्यावरून आंबट पाणी ठिबकत राहतं आणि वेटोळ्यांच्या फटींत राखट चिखल बसतो. तो दरवर्षी काढावा लागतो.

आता हे काम कुणाचं? माझंच, असं मी धरून चाललो होतो. पण मामांची भाची प्रशिक्षण घेऊन परतली, दुकानात मामांच्या बरोबरीने उभी राहिली आणि तिने पहिल्याच दिवशी मला बाजूला ठेवलं. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. ताई म्हणाली, “मामा, कॉइलला तार लावायची नाही. ओरखडे पडतात. शिवाय पोलादाचे कण अडकले की ते गंजतात, आणि त्यांच्या संगतीने चांगली नळीही गंजते. मग गळते.” आणि तिने पिशवीतून एक पांढरा, मऊ, नायलॉनचा ब्रश काढला.

मी त्याचं नाव जावईबापू ठेवलं. का ते ऐका. त्याला स्वतंत्र डबा. काम झालं की कोमट पाण्याने आंघोळ, मग खिडकीत उन्हाला बसणं. मला वीस वर्षांत कुणी कधी धुतलं नव्हतं! त्याचे केस विस्कटले तर ताई बोटांनी सरळ करायची. माझी रवानगी पिशवीच्या तळाशी झाली, पान्यांच्या आणि गंजलेल्या नटांच्या संगतीत. तिथून मला डब्याच्या उघडझापीचा आवाज यायचा आणि माझा जळफळाट व्हायचा. मी त्याला अक्षरशः पाण्यात पाहत होतो.

मामांचं मन नव्या कामात रमलं नाही असं नाही. त्यांनी त्यात आपला एक शिरस्ताही पाडला. कॉइलपुढे बर्नरचं झाकण असतं आणि कुकरच्या झाकणाला रिंग असते तशी त्याला एक गॅस्केट असते. झाकण एकदा उघडलं की ती पुन्हा वापरायची नाही, नाहीतर फटीतून विषारी धूर घरात शिरतो. त्या विषारी वायूला रंग नाही की वास नाही, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. म्हणून मामा झाकण उघडताच जुनी गॅस्केट घरमालकासमोर कटरने कापून टाकत. म्हणत, “मोह नको. हाताशी राहिली की घाईत तीच लावली जाते.”

पण हळूहळू गिऱ्हाइकं फोनवर विचारू लागली, “ताईच येणार ना?” मामा “हो हो” म्हणत आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ काहीतरी आवराआवर करत बसत. मला ते कळायचं. पिशवीच्या तळाशी मी आणि दुकानाच्या कोपऱ्यात मामा, आम्ही दोघं एकाच दुखण्याचे रोगी होतो.

एके दिवशी कडाक्याची थंडी होती. चढावरच्या गल्लीतल्या एका घरातून फोन आला. बॉयलर सारखा बंद पडत होता आणि घरात वीस दिवसांचं बाळ होतं. बाळाची आजी बोलत होती. “ताईंनाच पाठवा हं,” ती म्हणाली. ताई पलीकडच्या रस्त्यावर एका कामावर होती. मामांनी तिला कळवलं नाही. फुरंगटून पिशवी उचलली आणि एकटेच निघाले. जावईबापू आदल्या दिवसाच्या आंघोळीनंतर खिडकीत वाळत बसला होता. तो तिथेच राहिला. मी हे पाहिलं, आणि खरं सांगतो मित्रांनो, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

मामांनी सगळं रीतसर केलं. वीज बंद, गॅसचा कॉक बंद, बॉयलर निवेपर्यंत थांबणं, तोंडाला मास्क. झाकण काढलं. गॅस्केट कापली. आणि मग डब्यासाठी पिशवीत हात घातला. डबा रिकामा!

आतल्या खोलीतून बाळाचं रडणं येत होतं. आजी दारात येऊन म्हणाली, “झालं का हो? घर नुसतं बर्फ झालंय. पोराला तीन दुपटी गुंडाळलीत मी.”

“होतंच आलंय, आजी,” मामा म्हणाले. त्यांचा हात पिशवीच्या तळाशी आला आणि माझ्या मुठीला लागला.

काय सांगू तुम्हाला! किती दिवसांनी ती पकड! मी कॉइलवर गेलो. पहिला हात, दुसरा हात, तिसरा हात. चिखल भराभर सुटत होता आणि मी मनात म्हणत होतो, बघ रे जावईबापू, बस तिकडे ऊन खात! इतक्यात एक बारीक, किरकिरता आवाज झाला. बिडावर माझा आवाज असा कधी यायचा नाही. माझी एक तार मोडून वेटोळ्यांच्या फटीत अडकली होती.

मामा थांबले. टॉर्च लावून पाहिलं. चकचकीत नळीवर बारीक ओरखडे होते. आजी स्वयंपाकघरात गेली होती. नवी गॅस्केट पिशवीत तयार होती. झाकण लावलं असतं तर कुणालाही, कधीही कळलं नसतं. मला तेच हवं होतं. लावा झाकण, मामा, मी म्हणत होतो. ताईला कळलं तर मला पुन्हा तळाशी जावं लागेल.

मामांनी फोन काढला. “पोरी, मऊ ब्रश घेऊन ये. आणि लोहचुंबक. मी तारेने तीन हात मारलेत.”

ताई अर्ध्या तासात आली. ओरडेल असं वाटलं होतं, पण ती एवढंच म्हणाली, “मला हाक का नाही मारलीत, मामा?” तिने चिमट्याने तार काढली, फटीफटीतून लोहचुंबक फिरवलं. त्याला माझे बारीक कण चिकटून आले, मिशीच्या केसांसारखे. मला फार लाज वाटली. मग जावईबापू आत गेला. हलक्या हाताने, वेटोळ्याच्या दिशेने, एकही ओरखडा न काढता. सुटलेली राख व्हॅक्यूमने ओढली, थोड्याशा पाण्याने कॉइल धुतली, ठिबकलेलं पाणी जमतं ती वाटी साफ करून पुन्हा पाण्याने भरली, कारण ती कोरडी राहिली तर तिथूनही धूर येतो. नवी गॅस्केट मामांनी बसवली. बॉयलर पेटल्यावर ताईने धुराची मोजणी केली, आकडे ठीक निघाले.

मग मामा आजीपुढे उभे राहिले. “माझ्या हातून चूक झालीय. चुकीचा ब्रश लावला. काढण्यासारखं सगळं काढलंय, पण महिन्याने येऊन पुन्हा उघडून बघेन.” आजीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “दोघंही या,” ती म्हणाली.

दुकानात परतल्यावर मामांनी मला टेबलावर ठेवलं आणि करवत घेतली. मोह नको! गॅस्केटचा नियम मलाही लागू होता. करवतीचे दात माझ्या मुठीला लागले. ताई म्हणाली, “कापायचा तर कापा. पण चूक ब्रशची नव्हती.”

“माहितीय मला,” मामा म्हणाले. त्यांनी करवत खाली ठेवली आणि लाल रंगाची डबी उघडली.

महिन्याने दोघं जाऊन आले. कॉइलवर गंजाचा ठिपकाही नव्हता.

आता मी दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला असतो. दुकानाचं लोखंडी फाटक आणि गंजलेली फावडी माझ्याकडे असतात. तो पहिला जावईबापू केव्हाच गेला. केस झिजताच ताईने त्याला स्वतः कापून टाकलं. आता तिसरा आला आहे. डबा तोच, कोमट पाणी तेच. मला त्याचाही हेवा वाटतो.

मित्रांनो, बॉयलरचं झाकण स्वतः कधी उघडू नका, जाणत्या माणसाला बोलवा. तो आला की न लाजता विचारा, ब्रश कुठला आणलाय? जुनी गॅस्केट कापलीत का? आणि माझ्यासारखी जुनी हत्यारं तुमच्या घरात असतील तर त्यांना त्यांचं काम द्या. दुसऱ्याच्या कामावर पाठवू नका, आम्ही आनंदाने जाऊ, हीच तर भीती आहे.

ते बाळ आता चालू लागलं आहे म्हणे. थंडीत अनवाणी घरभर फिरतं. त्या घराच्या उबेत माझा वाटा एवढाच, की मी तिकडे फिरकत नाही.