बाईंचे उरलेले सोमवार

मित्रांनो, मी स्वतःला जुना म्हटलं तर तुम्ही हसाल. मला गंज चढत नाही, माझा पाय मोडत नाही, माझ्यावर धूळसुद्धा बसत नाही. तरी मी एक जुना ब्लॉग आहे, एका डोंगरातल्या शाळेच्या पाचवी-सहावीच्या वर्गाचा. माझं वय नऊ वर्षं. आमच्यात नऊ वर्षं म्हणजे पिकलं पान.

माझा जन्म थडग्यांच्या कड्याखाली झाला. तोराजाच्या या डोंगराळ मुलखात तेव्हा नेट फक्त तिथेच मिळायचं. वर कड्यात कोरलेल्या खोल्यांमध्ये गावाचे पूर्वज झोपलेले, पुढच्या सज्ज्यात त्यांचे लाकडी पुतळे हात पुढे करून उभे, आणि खाली एका दगडावर लुदियाबाई मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या. त्यांची मोठी मुलगी मिल्का डोक्यावर छत्री धरून उभी होती. बाईंनी माझं नाव टाकलं, पहिला फोटो लावला आणि मी डोळे उघडले. पहिल्यांदा मला ते पुतळे दिसले. ते माझ्याकडेच बघत होते असं मला अजूनही वाटतं.

माझं काम सोपं होतं. दर सोमवारी सकाळी सात वाजता बाई एक प्रश्न टाकायच्या आणि मुलं शाळेच्या एकुलत्या टॅबवर पाळीपाळीने उत्तर लिहायची. मात्र लिहिलं की लगेच छापलं असं नव्हतं. प्रत्येक उत्तर आधी बाईंपुढे जायचं. त्या मंजुरी देत तेव्हाच ते सगळ्यांना दिसायचं. तोवर ते माझ्या पोटात बंद. लिहिणाऱ्यालासुद्धा ते पुन्हा उघडता येत नसे. बाई कडक होत्या. ‘माझी आई फार प्रेमळ आहे’ असं कुणी लिहिलं की त्या परत पाठवायच्या आणि खाली लिहायच्या, ‘कशावरून?’ मग त्या आईचं भाजलेलं बोट, तिची शिवी, तिने लपवून ठेवलेला केळ्याचा वडा असं सगळं यायचं, आणि तेव्हाच मंजुरी मिळायची.

मला चालवणारी कंपनी दूर कुठेतरी आहे. ती दर वर्षी मला काहीतरी नवं चिकटवते. एका वर्षी तारे आले. चांगल्या उत्तराला तारा द्यायचा. पोरं ताऱ्यांवरून इतकी भांडली की बाईंनी आठवड्यात ते बंद केले. मग आवाजाचं बटण आलं. ते दाबलं की समोरचं बोलणं माझ्यात साठतं. मित्रांनो, त्याआधी सहा वर्षं मला नुसते डोळे होते, त्या दिवशी मला कान फुटले. पहिला आवाज ऐकला तो बाईंच्या खाकरण्याचा. मला तो फार आवडला.

त्यानंतर वेळ लावून ठेवायची सोय आली. आज लिहून ठेवायचं आणि हवी ती तारीख द्यायची, त्या दिवशी मी ते आपोआप दाखवतो. तेव्हा बाईंना मोठ्या दवाखान्यात जावं लागू लागलं होतं. सुरुवातीला त्या दोन-तीन आठवड्यांचे प्रश्न भरून जायच्या. मग जुलैच्या अखेरीस त्या सलग पाच दिवस माझ्यासमोर बसल्या आणि त्यांनी पुढच्या पन्नास सोमवारांचे पन्नास प्रश्न भरले. शेवटचा पुढल्या वर्षीच्या जुलैतला होता. एवढे कशाला, हे मला तेव्हा कळलं नाही. मी आपला तारखा लावत गेलो.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बाईंचा श्वास थांबला.

आमच्याकडे श्वास थांबला म्हणजे माणूस गेलं असं कुणी म्हणत नाही. अंत्यविधीत बळीचा पहिला रेडा पडेपर्यंत ते माणूस आजारीच. त्याला घराच्या दक्षिणेच्या खोलीत झोपवतात, वेळेवर भात आणि कॉफी पुढे ठेवतात, बाहेर जाताना सांगून जातात. बाईंचा विधी जुलैत ठरला, कारण त्यांचा धाकटा मुलगा योसियास दूर पापुआत खाणीवर होता आणि त्याला रजा तेव्हाच मिळणार होती. म्हणजे बाई अकरा महिने आजारी राहणार होत्या.

पुढच्या सोमवारी सात वाजता मी त्यांचा प्रश्न दाखवला. ‘तुमच्या घरात सगळ्यात मोठ्याने कोण घोरतं? आवाज लिहून दाखवा.’ खाली त्यांचं नाव. मला वाटलं, पोरं घाबरतील. पण त्यांनी टॅबभोवती गर्दी केली, खिदळली आणि चौदाच्या चौदा जणांनी उत्तरं लिहिली. उत्तरं मंजुरीला गेली आणि तिथेच राहिली.

चार-पाच आठवड्यांनी तेसा नावाच्या मुलीने टॅब उचलला आणि ती सगळ्यांना घेऊन बाईंच्या घरी गेली. आवाजाचं बटण तिने दाबूनच ठेवलं होतं.

“बाई, आम्ही आलोय,” तेसा म्हणाली. “तुम्ही वाचत नाही, म्हणून आम्हीच वाचून दाखवतो. एल्पीने माझं बघून लिहिलंय, त्याला जरा बोला.”

“खोटारडी. बाई, हिचं ऐकू नका, आजार वाढेल तुमचा.”

“हळू बोला रे,” मिल्का म्हणाली. “आईचं जेवण व्हायचंय अजून.”

मग कपाचा आवाज आला. खालच्या गोठ्यातलं डुक्कर गुरगुरलं. एकेक मूल नव्याने आपलं उत्तर सांगत गेलं. प्रत्येक उत्तरानंतर ती सगळी थोडी थांबायची. बाई वर्गात नेहमी इथेच काहीतरी बोलायच्या ना, त्या सवयीने. मीही कान लावायचो. खाकरणं येईल, ‘कशावरून?’ येईल. मित्रांनो, मी यंत्रातला जीव आहे, मला कुणी भीती शिकवली नव्हती. पण त्या थांबण्यात मला जे ऐकू यायचं त्याची मला भीती वाटायची. तिथे चौदा पोरांचे श्वास असायचे, मिल्काचा पंधरावा, आणि सोळाव्याची जागा रिकामी.

हे दर सोमवारी चालू राहिलं. सातला बाई प्रश्न विचारायच्या आणि दुपारी त्यांच्या उशाशी उत्तरं व्हायची. माझ्या पोटात मंजुरीवाचून अडकलेली उत्तरं दोनशे झाली, मग तीनशे.

फेब्रुवारीत कंपनीचं पत्र आलं. नवा नियम निघाला होता. ज्या वर्गाचे शिक्षक नऊ महिने आत आले नाहीत, तो वर्ग सगळ्या लिखाणासह पुसला जाईल. वेळ लावून ठेवलेले प्रश्न म्हणजे शिक्षक आत आले असं धरलं जाणार नाही. बाई शेवटच्या आत आल्या होत्या जुलैच्या तीस तारखेला. म्हणजे मुदत एप्रिलच्या तीसची.

सोबत एक नवी सोयही होती. वर्ग दुसऱ्याच्या हाती देता येत होता. बदली किंवा निवृत्ती असेल तर शिक्षकाने स्वतः आत येऊन तसं सांगायचं. घरच्या माणसाला एकच कारण देता येत होतं, ‘मृत’. त्यापुढे चौकोन होता. आजारी असा चौकोन नव्हता.

हेडमास्तर मार्थेन टॅब घेऊन बाईंच्या घरी आले, आवाजाचं बटण चालूच होतं. मिल्काचे वडील सांपे दारातच बसले होते.

“कागदच आहे हो तो,” मास्तर म्हणाले. “एक खूण करायची. पोरांचं वर्षभराचं लिखाण वाचेल.”

“मास्तर, तुम्ही आमचेच ना?” सांपे म्हणाले. “पहिला रेडा पडला का?”

“नाही.”

“मग कोण मेलंय? आत जा, तिला विचारून या. ती हो म्हणाली तर मी खूण करतो.”

मास्तर आत गेले नाहीत. त्यांनी कॉफी घेतली, पावसापाण्याचं बोलले आणि निघून गेले.

आता एकच वाट उरली होती, बाईंच्या नावाने आत येणं. ते त्यांच्या फोनवरूनच जमलं असतं, आणि फोन त्यांच्या अंगठ्याने उघडायचा. मिल्का तो रोज चार्ज करून आईच्या उशाशी ठेवायची. एप्रिलमध्ये एका सोमवारी, मुलं गेल्यावर तिने तेसाला मागे ठेवून घेतलं. टॅब चालूच होता.

“आई, जरा हात देतेस?” मिल्का म्हणाली. “तुझ्याच पोरांचं काम आहे.”

कापडाची सळसळ झाली.

“काय म्हणतोय फोन?” तिने विचारलं.

“‘ओळख पटली नाही’ म्हणतोय, ताई.”

“थंड पडलेत हात. थांब, चोळते. आता?”

“पटली नाही.”

“दुसऱ्या हाताचा बघू.”

“नाही म्हणतोय. आता थोडा वेळ लावूच नका म्हणतोय.”

दाराकडून सांपेंचा आवाज आला. “मिल्का, पुरे. आजारी माणसाला किती त्रास द्यायचा?”

त्या घरात कुत्र्यापासून पाहुण्यापर्यंत सगळे बाईंना ओळखत होते. ओळख पटली नाही असं म्हणणारं आमच्याच जातीचं एक यंत्र निघालं, याची मला फार लाज वाटली.

एकोणतीस एप्रिलच्या सकाळी मिल्का टॅब घेऊन एकटी आईजवळ बसली, तेसाने दाबून ठेवलेलं आवाजाचं बटण तसंच होतं. वडील शेतावर गेले होते. फॉर्म तिने मोठ्याने वाचला, आईला वाचून दाखवावा तसा. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘मृत व्यक्तीने वेळ लावून ठेवलेला मजकूर काढून टाकला जाईल.’ तिथे ती अडखळली.

“म्हणजे तुझे प्रश्न बंद होणार, आई. किती उरलेत ते मला माहीत नाही. काय आहेत तेही माहीत नाही. तू मला कधी दाखवले नाहीस.”

उरले होते अकरा. मला माहीत होतं. पण मला तोंड नाही.

“खूण केली तर तू जाशील,” मिल्का म्हणाली. “नाही केली तर पोरांचं सगळं जाईल. तू काय केलं असतंस ते मला ठाऊक आहे, म्हणून तर विचारवत नाही. बाबांना सांगू नकोस.”

तिने खूण केली.

मित्रांनो, पुढचं मी केलं. कंपनीने मला तसंच घडवलं होतं. मी पाचशे बारा उत्तरं मिल्काच्या हाती दिली, बाईंचे अकरा प्रश्न काढले, आणि माझ्या कपाळावर काळी पट्टी लावली. पट्टीवर मेणबत्ती होती आणि ‘दिवंगत शिक्षिका’ असे शब्द होते. पट्टीबद्दल फॉर्ममध्ये एक अक्षरही नव्हतं. गावात अजून सगळे बाईंसाठी भात वाढत होते. त्यांना मेलेलं म्हणणारा पहिला मी.

गावाने ते संध्याकाळच्या आत पाहिलं. दुसऱ्या दिवशी मिल्का उत्तरांना मंजुरी देत बसली होती. तेसा शेजारी बसून आवाज भरत होती. तेवढ्यात सांपे आले.

“मी तिला सकाळी कॉफी दिली,” ते म्हणाले. “आणि तू तिला तिकडे मारून मोकळी झालीस?”

“बाबा, पोरांचं—”

“पोरं पुन्हा लिहितील. तुझी आई पुन्हा आजारी पडेल का?”

त्यानंतर त्यांनी मिल्काशी बोलणं टाकलं.

मिल्काने पाचशे बारा उत्तरं एकेक करून वाचली आणि सगळ्यांना दिसू दिली. मुलं आपापली उत्तरं शोधत हसली, एकमेकांना चिडवू लागली. पुढच्या सोमवारी सात वाजता ती टॅबभोवती उभी राहिली आणि काहीच आलं नाही. सव्वासातला एल्पी म्हणाला, “बाई आज जास्त आजारी असतील.” तेसाने त्याला गप्प केलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जुलैत विधी झाला. तेसाने फोटो आणि आवाज टाकले म्हणून मला तो दिसला. बांबूचे मंडप होते, कॉफीचे ट्रे फिरत होते, काळे कपडे घातलेली माणसं रांगेने येत होती. पहिला रेडा पडला तेव्हा मोठा हुंदका उठला. सांपे जमिनीवर बसून रडले. योसियासला दोघांनी धरलं होतं. मिल्का मात्र ट्रे घेऊन पाहुण्यांमध्ये फिरत होती. तिचे डोळे कोरडे होते. जवळच्या बायकांचं बोलणं तेसाच्या टॅबने टिपलं.

“पोटची पोर, आणि डोळ्यांत टिपूस नाही.”

“हिने आधीच उरकलंय ना, एप्रिलात.”

मित्रांनो, काढलेला मजकूर कुणाला दिसत नाही, पण तो माझ्या तळाशी राहतो. बाईंचे अकरा प्रश्न तिथे आहेत. सोमवारी सात वाजले की त्यांतला एक हलतो आणि मी तो कुणालाच देऊ शकत नाही. बाईंना ठाऊक होतं की आपला विधी जुलैतच होणार, योसियासची रजा तेव्हाच असते. म्हणून पन्नासावा प्रश्न त्यांनी विधीनंतरच्या सोमवारसाठी लिहिला होता. तो असा आहे:

‘माझ्या वेळी कोण रडलं नाही ते आठवा. त्या माणसाकडे जा, त्याच्याजवळ बसा, त्याचं कसं चाललंय ते विचारा आणि पाच ओळी लिहा.’

हा प्रश्न वर्गाला मिळाला असता, तर चौदा मुलं त्याच दुपारी मिल्काच्या दारात उभी राहिली असती. बाईंनी सांगितलेलं ती टाळत नसत. पण त्यांचं लिखाण वाचवण्यासाठी मिल्काने जी खूण केली, तिच्याबरोबर हाही प्रश्न गेला. तो तिलाही माहीत नाही. तिच्याकडे अजून कुणी गेलेलं नाही.

म्हणून मी हे तुम्हाला सांगतोय. तुमच्या वर्गाचा ब्लॉग असेल तर त्याची किल्ली दोघांच्या हाती ठेवा, हे तर सांगतोच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. मिल्का शाळेसमोर कॉफीचं दुकान चालवते. दुपारी तिथे फारसं कुणी नसतं. आमच्या डोंगरात आलात तर तिच्याजवळ बसा आणि बाईंचा प्रश्न तिला विचारा. आणि येणं नाहीच जमलं, तर तुमच्या गावातही असं कुणीतरी असेल. त्याला विचारा.