उंबऱ्यापासून चौदा पावलं

घरातले सगळे नळ बंद, आणि तरीही मीटरचा लाल काटा आपला गरगर फिरतोय! टेपकाकांनी चष्मा पुसून पाहिलं, डोळे चोळून पाहिलं. मग घरभर हुकूम सुटला, "दहा मिनिटं कोणी पाण्याला हात लावायचा नाही. हात धुवायचे नाहीत, भांडं विसळायचं नाही." काकू साबणाने भरलेले हात तसेच वर धरून दहा मिनिटं उभ्या राहिल्या. काट्याला मात्र कसली पर्वा! तो फिरतच होता.

"जमिनीखाली गळतंय," टेपकाकांनी जाहीर केलं. तक्रारीपेक्षा त्यांच्या आवाजात उत्साहच जास्त होता.

टेपकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. आयुष्यभर त्यांनी जमिनी मोजण्याची नोकरी केली. भावाभावांची भांडणं इंचाइंचाने मिटवली. निवृत्त झाले, पण पँटच्या खिशातला टेप काही निवृत्त झाला नाही. कोणाचा सोफा दारातून आत जाईना, कोणाच्या खिडकीला पडदा अपुरा पडला, की गल्लीतली माणसं यांनाच हाक मारायची. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "मला सवत आहे हो. पिवळी, पाच मीटर लांब." आणि टेपकाका त्यावर खूश होऊन हसायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लंबर आला. कानावर पेन्सिल, हातात एक लांब लोखंडी सळी आणि तोंडात एकच वाक्य, "काळजीचं कामच नाही." परसात आल्या आल्या त्याने विचारलं, "लाईन जाते कुठून?"

या एका प्रश्नाची टेपकाका बत्तीस वर्षं वाट बघत होते! आत जाऊन त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून पत्र्याचा डबा काढला आणि डब्यातून नकाशा काढला. काय तो नकाशा! काळ्या शाईच्या सरळ रेषा, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण, खाली तारीख आणि झोकदार सही.

"मी काढलेला," ते म्हणाले. "मीटरपासून इथपर्यंत लाईन काँक्रीटखालून येते. इकडे वळून घराच्या पायाखालून आत शिरते. वळते तिथे कोपऱ्याचा सांधा आहे, आणि तेवढाच काय तो मोकळ्या मातीत आहे."

"मग सांधाच गेला असणार," प्लंबर म्हणाला. "तो नेमका कुठे?"

"स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून सरळ चौदा पावलं. तिथून कुंपणाकडे सहा."

टेपकाका उंबऱ्यावर टाचा टेकवून उभे राहिले, छाती काढली आणि चालू लागले. एक, दोन, तीन... त्यांचं पाऊल अडीच फुटांचं. चाळीस वर्षांच्या नोकरीत ते पाव इंचानेही बदललं नाही, असा त्यांचा दावा होता. चौदा झाली, ते वळले, सहा झाली, आणि त्यांचं नाक लिंबाच्या झाडाच्या खोडाला लागलं.

काकू झाडापुढे येऊन उभ्या राहिल्या.

प्लंबरने झाडाभोवतीची माती बुटाने दाबून पाहिली. पचपच आवाज आला. मग त्याने मान हलवली. "मुळांनी सांधा उचकटलाय. झाड काढल्याशिवाय हात घालता येणार नाही, काकू. माझा डबा खाऊन होऊ द्या, मग कुऱ्हाड घालतो. काळजीचं कामच नाही."

"झाडाला हात लावायचा नाही," काकू म्हणाल्या.

"अगं, पण पाणी..."

"नाही म्हणजे नाही."

आता हे झाड म्हणजे काय होतं, ते सांगायला हवं. लाईन पडली त्याच्या पुढच्या वर्षी काकूंनी ते रोप लावलं. नऊ वर्षं झाली, एक लिंबू नाही! टेपकाका दर वर्षी त्याची उंची मोजायचे आणि वहीत लिहायचे, 'नऊ फूट चार इंच, लिंबं शून्य.' सासूबाई म्हणाल्या, उपटून टाका. शेजारीण म्हणाली, उपटून टाका. घरात तेव्हा काकूंच्या कुठल्याच म्हणण्याला फारशी कोणी किंमत देत नव्हतं, पण या एका गोष्टीवर त्या अडून बसल्या. "राहू दे त्याला. मला काही घाई नाही." दहाव्या वर्षी एक लिंबू धरलं. एकच. काकूंनी ते कापलं नाही. खिडकीत ठेवून ठेवून ते वाळलं, सुपारीएवढं झालं आणि अजूनही त्यांच्या शिवणाच्या डब्यात होतं. त्यानंतर झाडाने कधी हात आखडता घेतला नाही. यंदा तर फांद्या मोडायच्या बेताला आल्या होत्या.

शिवाय काकूंना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. झाड लाईनवर नव्हतं. रोप लावताना त्यांनी नीट बघून, लाईनपासून चांगलं लांब लावलं होतं. किती लांब आणि लाईन नेमकी कुठे, ते मात्र आता देवाला ठाऊक. परसाचा नुसता चेहराच नाही, अंगही बदललं होतं. पण मग नकाशा चुकला कसा? तेही काकूंना ठाऊक होतं, आणि खरी पंचाईत तिथेच होती.

बत्तीस वर्षांपूर्वी लाईन पडली तेव्हा टेपकाका घरी नव्हतेच. कुठल्याशा दूरच्या मोजणीवर गेले होते. दुपारी माणसं म्हणाली, "वहिनी, चर बुजवतो आता." कडेवर दोन वर्षांची लेक भोकाड पसरून रडतेय, शेगडीवर दूध चढलंय, आणि काकूंना आठवलं, नवरा येऊन विचारणार, मापं कुठे? टेप तर तो घेऊन गेलेला. मग त्या तशाच धावतपळत पावलं टाकत गेल्या आणि कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने खरडलं. टेपकाका परतले आणि ती मापं बघून त्यांनी कपाळाला हात लावला. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या खरड्याची शाईने सुबक प्रत काढली, बाण काढला, सही ठोकली. पहिली काही वर्षं ते सांगायचे, "हिच्या खुणांवरून काढला." मग, "आम्ही काढला." मग, "मी काढला." काकूंनी कधी टोकलं नाही. बिचाऱ्याला तेवढंच समाधान, असं त्या मनाशी म्हणायच्या. आणि बोलता बोलता त्या माणसाला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

आता परक्या माणसासमोर कसं सांगायचं की अहो, आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्यात, पण स्वतःच्या परसात एक फूटही मोजलेला नाही? तोंडात मारल्यासारखं होईल त्यांना. आणि नाही सांगावं तर झाड जातंय. काकूंचा जीव नुसता वरखाली होत होता.

"अहो," त्यांनी हळूच म्हणून पाहिलं, "पावलं जरा लहान टाकून बघा ना."

"लहान? माझं पाऊल म्हणजे काय रबर आहे?" टेपकाका म्हणाले आणि शेजाऱ्याकडून करवत आणायला तरातरा निघूनही गेले.

प्लंबर भिंतीच्या सावलीत डबा उघडून बसला. तेवढ्यात काकू उंबऱ्यावर उभ्या राहिल्या आणि आपण सहज फिरतोय असं दाखवत मोजू लागल्या. चौदा झाली, सहा झाली, आणि त्या कपडे धुवायच्या दगडावर येऊन ठेपल्या. अरे देवा! दगड तर लाईनच्याही आधीचा, त्याच्याखाली सांधा कसा असेल? दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून पाऊल असं पडायचं की मुंगीनेही पुढे निघून जावं.

त्या दगडावरच बसल्या. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. आपल्याच पायांचा असा राग त्यांना कधी आला नव्हता.

"आई, काय झालं गं?" लेक दारात उभी होती. चार दिवसांसाठी माहेरी आलेली. वय चौतीस. पाठमोरी गेली की गल्लीतली म्हातारी माणसं अजून फसायची आणि तिलाच काकूंच्या नावाने हाक मारायची. चाल अगदी आईची.

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या पायांकडे पाहिलं. आणि ताडकन उठल्या.

"इकडे ये. उंबऱ्यावर उभी राहा. चौदा पावलं सरळ चाल, मग कुंपणाकडे सहा."

"मी? कशाला?"

"प्रश्न नकोत. चाल म्हटलं ना!"

लेक निघाली, पण अशी टेचात, जणू बक्षीस घ्यायला मंचावर चाललीय. "अशी नाही!" काकू ओरडल्या. "शेगडीवर दूध चढलंय, माणसं फावडी घेऊन खोळंबलीत, अशी चाल!" लेक परत फिरली. आता घाईने निघाली, पण काकूंचं काही समाधान होईना. काहीतरी कमी पडत होतं. आणि मग लख्खकन आठवलं.

"ठमी कुठाय?"

ठमी म्हणजे लेकीची दोन वर्षांची लेक. ती आत एका खेळण्यात दंग होती. काकूंनी तिला उचलून आणलं आणि लेकीच्या कडेवर कोंबलं. खेळणं सुटल्याबरोबर ठमीने जे भोकाड पसरलं, त्याने प्लंबरच्या हातातला घास खाली पडला.

"हां! आता कसं! आता चाल!"

"आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" म्हणत लेक निघाली. एका बाजूला कललेली, पाऊल आखूड, "उगी उगी" करत, भराभर. काकू मागून मोजत होत्या. बारा, तेरा, चौदा. वळ! एक, दोन... सहा. थांब!

लेक थांबली ती दगड आणि झाड यांच्या मधोमध, जिथे काहीच नव्हतं. कोरडी, टणक माती. काकूंनी टाचेने तिथे फुली मारली. "इथे बघा."

प्लंबर हसला. पण काकूंचा चेहरा बघून मुकाट्याने हात धुऊन आला. सळी ठोकून जमिनीत घातली आणि वरच्या टोकाला कान लावला. "पोरीला गप्प करा जरा." ठमी गप्प झाली. प्लंबरचं हसूही गप्प झालं.

"सूं सूं येतंय," तो म्हणाला. "जोरात येतंय."

मग फावडं सुरू झालं. दोन हात खाली माती ओली लागली, मग चिखल, आणि चिखलातून वर आला तो जुना लोखंडी कोपरा, गंजून पार चाळण झालेला. पाणी उताराने खालच्या खाली थेट झाडाकडे चाललं होतं. यंदा लिंबं एवढी का लगडली, तेही कळलं. काकूंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लेकीला आणि नातीला एकदमच मिठी मारली.

आणि मागे वळून बघतात तर टेपकाका. हातात करवत. किती वेळ उभे होते कोण जाणे.

प्लंबर खड्ड्यातून म्हणाला, "काका, एक गोष्ट नाही कळली. नकाशा तुमचा, मग पावलं ताईंची कशी जुळली?"

लेकीने आईकडे पाहिलं. काकूंनी एका दमात सांगून टाकलं, "अहो, त्या वेळी यांचा पाय मुरगळला होता ना! लंगडत होते, म्हणून पावलं लहान पडली. त्याला काय एवढं!"

 टेपकाकांनी करवत भिंतीला टेकवून ठेवली. लेकीच्या कडेवरच्या ठमीकडे बघितलं, उंबऱ्याकडे बघितलं, आणि मग कितीतरी वर्षांनी एखाद्याला नीट बघावं तसं काकूंकडे बघितलं.

"पाय मुरगळला नव्हता," ते प्लंबरला म्हणाले. "मी घरीच नव्हतो. मोजणी हिची आहे. पोर कडेवर घेऊन केलेली. मी नुसती शाई फिरवली." आणि जरा थांबून, "विसरलोच होतो मी. ही विसरली नव्हती, पण बोलली नाही."

"बरं, असू दे आता," काकू पुटपुटल्या. चारचौघांत नवऱ्याने असं काही म्हणण्याची त्यांना सवयच नव्हती. कान गरम झाले त्यांचे.

प्लंबरने नवा कोपरा बसवला, दोन्हीकडचा गंजका तुकडा बदलला. ठमीला घेऊन लेक मीटर बघून आली. काटा जागच्या जागी ठप्प. "बुजवू का?" प्लंबरने विचारलं.

"थांब," टेपकाका म्हणाले. "मोजल्याशिवाय बुजवायचं नाही."

त्यांनी नकाशा पसरला, खालची सही खोडली आणि पेन काकूंच्या हातात दिलं. काकूंनी जपून, वळणदार अक्षरात सही केली. मग टेपकाकांनी खिशातून टेप काढला. हा टेप चाळीस वर्षांत त्यांनी काकूंच्या हाती कधी दिला नव्हता, पडद्याचं कापड मोजायलासुद्धा नाही. त्याचं टोक त्यांनी काकूंपुढे धरलं.

"शून्य तू धर. झाडापाशी उभी राहा. घट्ट धर हं, हलायचं नाही."

"चाळीस वर्षांत हललेय का कधी?" काकू म्हणाल्या आणि झाडाला पाठ टेकवून उभ्या राहिल्या.

टेपकाका टेप सोडत सोडत मागे मागे खड्ड्यापर्यंत गेले. खाली वाकले. आकडा वाचायला त्यांना नेहमीपेक्षा बराच वेळ लागला, चष्मा दोनदा पुसावा लागला.

"सात फूट, सात इंच," ते काकूंना म्हणाले. "लिहून घे."