खडे धुतलेलं पाणी

“लसूण चालत नाही, कांदा चालत नाही, आणि हे पाणी मात्र चालतं,” म्योंगजा माझ्या कानाशी पुटपुटली. “माझ्या मसाल्यात मी नाही हं पडू द्यायची.”

मठाच्या मागच्या अंगणात आम्ही दोघी एकाच परातीवर वाकलो होतो. हिवाळ्याची किमची घालायचा दिवस. रात्रभर मिठात मुरलेले कोबी धुऊन पालथे घातले होते आणि गारठ्यानं बोटं अशी बधिर झाली होती, की तिखट झोंबतंय हेही कळत नव्हतं. तेवढ्यात मठाचे कारभारी चोसाहेब किटली घेऊन आले. म्योंगजानं लगबगीनं परात पुढे सरकवली, मान लववली, आणि “आमचं भाग्यच” म्हणाली. किटलीतलं पाणी मसाल्यात पडलं.

ते पाणी कसलं, ते सांगते. दामहो सुनिम हे आमच्या मठाचे थोरले भिक्षू; भिक्षूंना आम्ही सुनिम म्हणतो. मागे एका हिवाळ्यात साधनेतून उठले आणि भर सभेत म्हणाले, मला बोध झाला, आता माझं असं काही उरलं नाही. ज्याला होतो तो सांगत फिरत नाही, असं आमची आई म्हणायची. पण आई केव्हाच गेली, आणि सभेतल्या सगळ्या बायका रडल्या. काही न उरलेल्या माणसाचं तसं बरंच उरलं होतं. गरम फरशीची खोली होती, काळी गाडी होती, जिनसेंगचा मध होता, आणि मध संपला की चिडचिडही होती.

आमच्याकडे मोठा भिक्षू गेला की चितेच्या राखेत मणी शोधतात. चमकदार, डाळीच्या दाण्याएवढे. सापडले म्हणजे माणूस खरा पोचलेला. दामहो सुनिमना मरेपर्यंत दम निघाला नाही. यंदा पानगळ सुरू होता होता ते आठवडाभर एकांतात गेले. परत आले तेव्हा चोसाहेबांनी जाहीर केलं, की सुनिमच्या देहातून जिवंतपणीच मणी बाहेर पडले, ध्यानात, बसल्या जागी. कुठून बाहेर पडले, हे कुणी विचारलं नाही. मणी काचेच्या वाटीत मखमलीवर ठेवले गेले. रोज सकाळी ते धुवायचे आणि ते पाणी बायकांनी प्यायचं.

एकांतातून आल्यापासून सुनिमना तेलकट सोसेना. भाताची पेज आणि उकडलेला भोपळा, एवढंच वर जायचं. त्यांचे कपडे धुवायला माझ्याकडे असतात. एका सदऱ्याच्या आत दवाखान्यातली चिकटपट्टी निघाली, पिवळट डागासकट. मी ती चिमट्यानं उचलून चुलीत टाकली आणि हात घासघासून धुतले. म्योंगजानं पाहिलं. ती म्हणाली, यंदा मुळे काय छान आलेत.

मीही मुळ्यांकडेच पाहिलं. माझं कारण वेगळं होतं. माझं कारण म्हणजे दोकशिम ओन्नी, माझी सख्खी थोरली बहीण.

वसंतात तिच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. जेवलं की कळ उठे आणि खांद्यापर्यंत जाई. मी तिला ओढतच खालच्या बाजारातल्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं यंत्रानं पोटाचं चित्र काढलं आणि टेबलावरची काचेची बरणी आमच्यापुढे ठेवली. लोकांच्या पोटातून काढलेले खडे होते तीत. तुमचेही असेच आहेत म्हणाला, वेळेवर काढून टाका, उशीर झाला तर जिवावर बेतेल. ओन्नीनं ते सुनिमना सांगितलं. सुनिमनी तिच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, दुखणं पाहुणा आहे, त्याला सुरी दाखवू नये, बसू द्यावं, आपण होऊन जातो.

पाहुणा गेला नाही. उन्हाळ्यात मी एकदा तोंड उघडून पाहिलं. ती म्हणाली, “धाकटे, सुनिमबद्दल वेडंवाकडं बोललीस तर तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही.” ती बोलते तसं करते. माझं दार सुटलं तर ती मठातच राहायला गेली असती, आणि मग कळ उठल्यावर तिची पाठ चोळायला तिथं कोण होतं? म्हणून मी गप्प.

आता ती पिवळी पडली होती. डोळ्यांच्या पांढऱ्यापासून नखांपर्यंत. अंगणातल्या गिंकोच्या पिवळ्या पानांत उभी राहिली तर वेगळी दिसू नये, इतकी. बायका म्हणत, चेहऱ्यावर तेज आलंय हो. चोसाहेब म्हणत, बुद्धाच्या मूर्तीवरचा सोन्याचा वर्ख हिच्या अंगावर उतरलाय. ती लाजायची. मला सगळ्यांच्या थोबाडावर तिखटाचा हात फिरवावासा वाटायचा.

कोबी भरून झाल्यावर हात धुऊन आम्ही दर्शनाला रांगेत उभ्या राहिलो. वाटीशेजारी भिंग ठेवलेलं. वाकायचं, पाहायचं, पेल्यातलं पाणी प्यायचं. माझा पेला मी बाहीत ओतला. ओन्नी सगळ्यांत शेवटी होती. आजवर तिनं ते मणी पाहिलेच नव्हते, आपली पात्रता नाही म्हणायची. आज सुनिमनी स्वतः हाक मारली, मठात येणाऱ्या बायकांना बोसाल म्हणतात तशी.

“या, दोकशिम बोसाल. पाहुणा काय म्हणतो?”

“आहे अजून, सुनिम.”

“मग जेवायला घाला त्याला,” सुनिम हसले. बायकाही हसल्या. बरगडीखाली मूठ दाबून ओन्नीही हसली आणि भिंग घेऊन वाकली.

हिरवट तपकिरी खडे. एकमेकांवर घासून कडा सपाट झालेले, वर मेणासारखी चकाकी. मी मागून तिची पिवळी मान पाहत होते. ती वाकलेलीच राहिली. चोसाहेब खाकरले. म्योंगजा छताकडे पाहू लागली.

शेवटी ओन्नी सरळ झाली. भिंग बाहीनं पुसून जागच्या जागी ठेवलं. पेला उचलला, त्यात पाहिलं आणि तसाच भरलेला खाली ठेवला. मग सुनिमना रीतसर, कपाळ जमिनीला लावून नमस्कार केला, आणि बाजारात कोबीचा भाव विचारते त्याच आवाजात म्हणाली,

“सुनिम, हे तुम्ही कुठल्या दवाखान्यात काढून घेतलेत? मलाही तिथंच जायचंय.”