पहिली ओळ

तैवानमधल्या आमच्या तोउफन गावात रस्त्यात कोणी भेटलं की आधी विचारतात, जेवलीस का. फळवाली विचारते, पोस्टमन विचारतो, उसनी शिडी मागायला आलेला शेजारीसुद्धा आधी तेच विचारतो. फक्त आमच्या घरात बापलेक एकमेकांना हे कधी विचारत नसत. ते गणितं विचारत.

माझा नवरा शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा आणि मी त्याच शाळेच्या ऑफिसात होते. तिथे सगळे त्यांना फान सर म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. लग्न झालं, मुलगी झाली, ते रिटायर झाले, तरी माझ्या तोंडातलं 'सर' काही गेलं नाही. आता ते बरेचदा टोमणा मारण्यासाठीच वापरते.

मुलगी युन-रू, घरात आ-रू. ती शाळेत जायला लागल्यापासून रात्रीची भांडी उचलली की टेबलावर कागद यायचा. सर एक गणित घालायचे. ती अडली की उत्तर कधीच सांगायचे नाहीत, फक्त पहिली ओळ लिहून द्यायचे आणि कागद तिच्याकडे सरकवायचे. बाकीचं तिचं तिने करायचं. ती जीभ बाहेर काढून लिहीत बसायची, हे चष्म्यावरून बघत बसायचे. मी भांडी घासताना पाठमोरी असायचे, पण त्या दोघांचं सुख मला पाठीलाही कळायचं. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटायचा. माझ्याशी ती वेणीचं आणि डब्याचं बोलायची, आणि तेही घाईत.

मग ती ताइपेईला कॉलेजात गेली आणि टेबलावरचा कागद फोनवर आला. ती होमवर्कचा फोटो पाठवायची, हे पहिली ओळ पाठवायचे. पहिल्या वर्षी भौतिकशास्त्र होतं, तेव्हा तर सरांचा रुबाब बघण्यासारखा होता. ताटावर बसूनसुद्धा उत्तर द्यायचे. दुसऱ्या वर्षी अर्थशास्त्र आलं. त्यातलं ओ की ठो यांना येत नव्हतं, पण पोरीला कसं सांगणार? जाडजूड पुस्तक आणलं आणि महिनाभर वाचलं. एकदा बाजारात फळवालीला मागणी आणि किंमत यांचा संबंध समजावून सांगायला लागले. पोमेलो थोडे स्वस्त केलेस तर एकूण कमाई वाढेल, म्हणाले. ती म्हणाली, "मग सर, उद्यापासून तुम्हीच बसा इथं. मी घरी बसून पुस्तक वाचते." मी तिथून जी निघाले ती थेट घरी येऊन हसले.

त्यानंतर प्रोग्रॅमिंग. ते शिकायला हा माणूस या वयात वाचनालयातल्या वर्गाला जाऊन बसला. दोन बोटांनी टाइप करायचे. कुठेतरी एक स्वल्पविराम राहायचा आणि यंत्र म्हणायचं, चूक आहे. सगळी दुपार ती चूक शोधण्यात जायची. जन्मभर मुलांच्या वह्यांवर लाल रेघा मारलेल्या माणसाला आता यंत्र लाल रेघा मारत होतं, आणि ते निमूटपणे सहन करत होते, कारण संध्याकाळी पोरीला पहिली ओळ पाठवायची असायची.

मी म्हणायचे, एकदा तिला विचारा तरी, जेवतेस का, झोपतेस का, कोणी मैत्रीण आहे का. ते म्हणायचे, "गणितं पाठवते आहे म्हणजे सगळं ठीक आहे." आणि मलाही ते पटायचं. होमवर्कमध्ये तिला कायम चांगले मार्क असायचे. परीक्षेचं ती काही सांगत नसे आणि आम्ही विचारत नसू.

तिसऱ्या वर्षी नववर्षाला घरी आली तेव्हा ती बारीक दिसली. मी जास्तीचं वाढलं, तिने खाल्लं. बापाने संभाव्यतेबद्दल विचारलं, आता तोच विषय चालू होता ना, तर म्हणाली, चाललंय. सुट्टी संपली आणि ती गेली. मग फोटो येणं कमी झालं. सर जेवताना फोन ताटाशेजारी उताणा ठेवायला लागले. मी काही बोलले की म्हणायचे, हवामान बघतोय.

आणि मग एक दिवस गणित आलं. फोटो नव्हता, तिने स्वतः टाइप केलं होतं. सरांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी हंगामातली शेवटची मोहरीची भाजी गच्चीवर वाळत घालायला निघाले होते, हातात टोपली होती. गणित असं होतं. एक विद्यार्थिनी आठ पायऱ्यांच्या जिन्यावर दुसऱ्या पायरीवर उभी आहे. आठव्या पायरीवर पदवी आहे. तळाशी दार आहे, तिथे पोचली की ती बाहेर. दर वेळी ती एक पायरी वर जाते किंवा एक पायरी खाली येते, आणि वर जाण्याची शक्यता फक्त एक तृतीयांश आहे. पहिला प्रश्न, ती पदवीपर्यंत पोचण्याची शक्यता किती? दुसरा प्रश्न, खाली ढकललं जाण्याआधी ती आपणहून दाराबाहेर गेली, तर ते हरणं धरायचं का?

मी दारात थांबले आणि म्हटलं, "कोण ही मुलगी?"

"अगं, गणितात कोणी नसतं," सर म्हणाले. "एक विद्यार्थिनी म्हणजे कोणीही."

ऊन जायला आलं होतं, भाजी ओली होती. मी गच्चीवर गेले.

खाली आले तर सरांचा चेहरा उजळलेला. इतक्या दिवसांनी पोरीने गणित पाठवलं होतं आणि तेही असं देखणं. शक्यता निघाली होती पंच्याऐंशीत एक. मला म्हणाले, बघ, किती सुंदर सुटतं, काही उरतच नाही. त्या आनंदात त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडला. पहिली ओळ नाही पाठवली, सगळं उत्तर पाठवलं. आणि दुसऱ्या प्रश्नाखाली लिहिलं, 'हा प्रश्न नीट मांडलेला नाही. हरणं म्हणजे काय, ते आधी ठरवायला हवं. परीक्षेत असं लिहिलंस तर मार्क जातील.'

बऱ्याच वेळाने तिचं उत्तर आलं. 'समजलं. थँक यू, बाबा.'

सर त्या रात्री दोन वाट्या भात जेवले.

त्यानंतर काहीच आलं नाही. आम्ही मनाची समजूत घालत राहिलो, अभ्यास वाढला असेल. जूनमध्ये होड्यांच्या सणाला ती येणार नाही म्हणाली, तेव्हा सरांनीच ठरवलं की चुंग तिला नेऊन द्यायचे. मी चिकट भातात मुळा आणि मांस भरून, बांबूच्या पानात बांधून, तिच्या आवडीचे चुंग केले. सर पिशवी घेऊन सकाळच्या गाडीने गेले. दुपारी मला त्यांचा फोन आला. हॉस्टेलच्या बाई म्हणत होत्या की युन-रू फान मार्चमध्येच खोली सोडून गेली. कॉलेजातूनही नाव काढलंय. सर हॉस्टेलच्या फाटकाबाहेर उभे होते. लेकीला फोन करायचा सोडून त्यांनी मला केला.

मी लगेच फोन घेतला. मी तिला लावला. दुसऱ्याच घंटीला तिने उचलला आणि मी आधी नुसतीच रडले. ती ताइतुंगला होती, पार त्या बाजूच्या किनाऱ्यावर, एका पावाच्या बेकरीत. पहाटे उठते, पीठ मळते, मालकीण चांगली आहे, म्हणाली. तब्येत बरी आहे.

"अगं, पण झालं काय? होमवर्कला एवढे मार्क पडायचे तुला."

"होमवर्कला पडायचे, आई. परीक्षेत कोरा कागद पुढ्यात यायचा आणि मला सुरुवातच करता यायची नाही. पहिली ओळ कायम बाबांची असायची ना. ती असली की पुढचं सगळं यायचं मला."

मी म्हटलं, मग आम्हाला सांगायचं तरी. बाबांना सांगायचं.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "जिन्याचं गणित पाठवलं होतं."

दारात मी टोपली घेऊन उभी होते, ते मला आठवलं. कोण ही मुलगी, असं मीच विचारलं होतं. बरोबर जागी बोट ठेवलं आणि भाजीसाठी उचलून घेतलं. तेव्हा दोन मिनिटं थांबले असते तर भाजी थोडी उशिरा वाळली असती, एवढंच झालं असतं.

सर संध्याकाळी परतले. चुंगांची पिशवी तशीच टेबलावर ठेवली. मी त्यांना सगळं सांगितलं, बेकरीचं, परीक्षेचं, पहिल्या ओळीचं आणि शेवटी जिन्याचं. ते बराच वेळ फोनमध्ये खाली-वर करत राहिले. ते गणित सापडलं. ओठ हलवत त्यांनी ते पुन्हा वाचलं, आपलं उत्तरही वाचलं. मग म्हणाले, "पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आहे."

मी एवढी भडकले की काय सांगू. म्हटलं, "सर, पोरगी बुडत होती आणि तुम्ही तिचे मार्क कापलेत." आणखीही पुष्कळ बोलले, ते इथे सांगण्यासारखं नाही. ते उठून गच्चीवर गेले. आज वाटतं, तेवढं बोलायला नको होतं. त्यांना धरायला त्या क्षणी त्या एका बरोबर उत्तराखेरीज दुसरं काही उरलं नव्हतं. चुंग आम्ही दोघांनी मिळून पुढचे चार दिवस खाल्ले, न बोलता.

मी आ-रूला आठवड्यातून एकदा फोन करायचे. पिठाचं, पावसाचं, मालकिणीच्या मांजरीचं बोलायचो. बाबा कसे आहेत, असं ती विचारायची आणि मी म्हणायचे, बरे आहेत. फोन त्यांच्यापुढे धरला की ते हात हलवून नको म्हणायचे. मला वाटायचं अहंकार आहे. एकदा तसं तोंडावर म्हटलं, तर म्हणाले, "अहंकार नाही गं. बोलू काय, ते कळत नाही."

चंद्राच्या सणाला पोमेलो आणले. ती येणार नव्हती, बेकरीत केकची गर्दी होती. सर सोललेली फोड हातात धरून बसले होते. मग त्यांनी फोन घेतला आणि दोन बोटांनी काहीतरी लिहायला लागले. लिहायचे, पुसायचे. शेवटी मला दाखवलं. लिहिलं होतं, 'एका माणसाने एका महत्त्वाच्या प्रश्नाचं चुकीचं उत्तर दिलं. पेपर जमा होऊन गेला आहे. आता त्याने काय करावं?' मला म्हणाले, यात पुरेशी माहिती नाही, मला ठाऊक आहे. मी म्हटलं, पाठवा.

दोन दिवस काही नाही. ते फोन खिशात घालून फिरत होते, न्हाणीघरातसुद्धा नेत होते. मी एकदाही चिडवलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवणं उरकली आणि फोन वाजला. सरांनी वाचलं आणि माझ्याकडे सरकवला, पूर्वी तिच्याकडे कागद सरकवायचे तसाच. एकच वाक्य होतं.

'पहिली ओळ : फोन करा.'

हसावं की रडावं, मला कळेना. सर मात्र खुर्चीत ताठ बसले, आधी चष्मा पुसला, मग नंबर लावला. मी नळ बंद केला. पलीकडे तिने उचलला. "हॅलो, बाबा?" मला सिंकपाशी ऐकू आलं.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी ओठांनीच सांगितलं.

"जेवलीस का?" ते म्हणाले.

 पलीकडून तिचा आवाज आला. "जेवले. तुम्ही?"

"हो. मीही जेवलो."

आणि तिथेच संपलं. दोघंही फोन कानाला लावून बसले. तिचं नाक ओढणं ऐकू येत होतं, यांचा श्वास ऐकू येत होता. एवढी वर्षं रोज बोलत आलेली माणसं, आणि त्यांच्याकडे दुसरं वाक्य नव्हतं. फोन मात्र दोघांपैकी कोणी ठेवत नव्हतं. मग सरांनी फोनवर तळवा धरला आणि माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, "आता दुसरी ओळ काय?"

मी ओले हात ॲप्रनला पुसत नुसती उभी राहिले. मलाही ती येत नव्हती.