गांधीलमाशीचं पोळं

मंगळवारी दुपारी आईनं जेवणाच्या टेबलावर बुटांची अकरा खोकी मांडली होती. अशा वेळी त्या टेबलाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. लेक भाजीची पिशवी घेऊन ताटकळली.

"खुर्चीवर ठेव. खाली नको, तिथं कोष आहे."

आईनं जन्मभर शाळांचे गणवेश शिवले. शिक्षण सातवीपर्यंत. मशीन बंद केल्यावर तिनं हे आरंभलं. दर गुरुवारी एखाद्या शाळेत जायचं, खोकी मुलांच्या हातात द्यायची, तासभर गप्पा मारायच्या आणि एक पैसाही न घेता परत यायचं. खोक्यांत पिसं, बिया, सापाची कात, रिकामी घरटी. मुलं तिला 'खोकेवाल्या आजी' म्हणत.

खरं तर तिची पहिली विद्यार्थिनी लेकच. लहानपणी खिडकीतल्या बरणीत सुरवंट पान कुरतडत असायचा. आई गिऱ्हाइकाचं माप घेत असायची, तोंडात टाचण्या, त्यामुळे नुसत्या भुवयांनी खुणावायची: बघ, बघ. पुढे लेक पुस्तकांत शिरली, ग्रंथपाल झाली, आणि बरणीकडे बघणं सुटलं.

त्या दिवशी मात्र तिची नजर एका खोक्यावरच्या चिठ्ठीवर गेली: 'मधमाशीचं पोळं'.

"आई, हे मधमाशीचं नाही, गांधीलमाशीचं पोळं आहे."

"असू दे तसंच."

"असू दे काय? फुकट शिकवायचं म्हणून काहीही शिकवायचं का?"

आई म्हणाली, "बाईसाहेब, तुमचा चहा गार होतोय," आणि स्वतःचा कप विसळायला आत गेली. तेवढ्यात लेकीनं चिठ्ठी बदलून टाकली.

घरी जाताना स्वतःचंच वाक्य तिला टोचत राहिलं. फोन करून माफी मागावी असं दोनदा वाटलं. उद्या बोलू म्हणून तिनं ते पुढं ढकललं. बुधवारी सकाळी आई अंथरुणातून उठलीच नाही.

पंधरवड्यानं एका शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. "मुलं आजींची वाट बघत होती, आम्ही त्यांना सांगितलं. नुसती खोकी पाठवलीत तरी चालेल."

ती स्वतःच गेली. राहून गेलेली माफी आता कुणाकडे मागायची हे तिला कळत नव्हतं. निदान आईचा गुरुवार बुडू नये, एवढंच.

वर्गात मुलं गोल करून बसली. खोकी हातोहात फिरू लागली. ती पाठ करून आलेलं बोलत होती, पण ऐकतंय कोण! मुलं वास घेत होती, उजेडाकडे धरत होती, एकमेकांना कोपरानं ढोसत होती.

"सापडलं का गं?"

"छे! तू पीस नीट बघितलंस का?"

"काय शोधताय?" तिनं विचारलं.

दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली, "चूक! आजी एक चिठ्ठी मुद्दाम चुकीची लावायच्या. ज्याला सापडेल त्यानं सगळ्यांना पटवून द्यायचं, का चूक ते." तिनं पोळं पुढं केलं. "मला हेच वाटलेलं. हे कागदासारखं लागतं हाताला, मेणाचा वासच नाही. पण चिठ्ठी तर बरोबर आहे."

मागून एकजण म्हणाला, "आजी या वेळी विसरल्या असतील. म्हाताऱ्या होत्या ना."

मुख्याध्यापिका त्याला दटावणार, तोच लेकीनं हात वर केला. हो म्हणून टाकलं असतं तर तास सुखानं संपला असता. तिनं पोळं हातात घेतलं. ते इतकं हलकं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"आजी विसरल्या नव्हत्या. त्यांनी इथं 'मधमाशी' लिहिलं होतं. ती चिठ्ठी मी बदलली. मला वाटलं, माझ्या आईला कळत नाही. तसं मी तिला बोललेही."

वेण्यांवाली टक लावून बघत होती. लेकीला पुढचं वाक्य मुलांना सांगायचं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच, आणि चांगलं मोठ्यानं.

"चुकलं गं माझं, आई."