पुसलेल्या होड्या

मी आगबोटीची तसबीर बोलतेय. वीस वर्षं एका माणसाच्या खुर्चीमागे टांगलेली होते आणि रोज त्याचं वाईट चिंतत होते. लपवायचं कशाला?

मला एका चिताऱ्याने धक्क्यावर बसून रंगवलं. काळं धुराडं, कठड्यावर रेललेली माणसं आणि बाजूला टांगलेल्या, जीव वाचवायच्या दोन होड्या. होत्याच दोन. डबा घेऊन आलेल्या त्याच्या बायकोने विचारलं, "अहो, एवढ्या माणसांना दोनच?"

"मालकाला विचार," चितारी हसला, आणि गंमत म्हणून तिलाही चित्रात कठड्याशी उभं करून टाकलं. पुढे आगबोटीच्या मालकाने मला विकत घेऊन कचेरीत लावलं.

वर्षभरात ती आगबोट वादळात बुडाली. दोन होड्यांत मावली तेवढी माणसं वाचली. माहेरी निघालेली चिताऱ्याची बायको गेली. चौकशी लागली तशी मालकाने चिताऱ्याला बोलावलं. याच्या घरचं कोण गेलं, हे विचारायची त्याला गरजही वाटली नाही.

"आणखी चार होड्या काढ. जुनं चित्र म्हणून चौकशीच्या साहेबांना दाखवतो."

मला वाटलं, आता हा त्याचं नरडं धरणार. पण तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काढतो, मालक."

घरी नेऊन त्याने माझ्या तेलरंगावर चार होड्या काढल्या, त्या मात्र पाण्यात कालवलेल्या कच्च्या रंगाने. वर काच बसवली. "धीर धर," मला म्हणाला, "कधीतरी ओला हात लागेल."

साहेबांनी काचेवरून सहा होड्या मोजल्या. दोष वादळावर गेला, मालक सुटला. चोर तो चोर, वर शिरजोर. पाहुण्यांना मला दाखवून म्हणायचा, "सहा होड्या होत्या हो. त्यांचं नशीबच फुटकं." दोरी तोडून याच्या टाळक्यात पडावं, असं कितीदा मनात आलं. पण तेवढ्याने माझं भागणार नव्हतं.

म्हातारपणी मालकाला पुण्यवान दिसायची हौस आली. बुडालेल्यांची आठवण म्हणून मला धक्क्यावरच्या प्रवाशांच्या खोलीत लावायचं ठरवलं. गेलेल्यांचे नातेवाईक जमले. चितारीही मागे उभा होता. मला आणताना हमालाच्या हातून काच फुटली.

"राहू दे, काचेविना जास्त खुलते," मालक म्हणाला. धूळ दिसली म्हणून त्याने रुमाल भिजवला आणि सगळ्यांदेखत मला पुसलं.

एक होडी रुमालावर आली. डाग पडला म्हणून त्याने आणखी घासलं. दुसरी गेली.

"पुसा मालक, थांबलात का?" मागून चितारी म्हणाला. "अजून दोन खोट्या आहेत. माझी बायको होती त्या आगबोटीवर."

मालक बसायला खुर्ची शोधू लागला. कोणी दिली नाही.

चौकशी पुन्हा लागली, कंपनीच्या पाटीवरून त्याचं नाव उतरलं. मला बरं वाटलं का? वाटलं, चांगलं वाटलं. पण कठड्याशी ती बाई अजून उभीच आहे, तिला काही उतरता येत नाही.

मी तिकिटाच्या खिडकीशेजारी आहे. माझ्यावरचा तो फराटा कोणी साफ करू नका, बाबांनो. आणि तिकीट काढण्याआधी बाहेर जाऊन होड्या मोजा. कमी भरल्या तर तिने विचारलं होतं तेच विचारा, फक्त मालकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.